मीटर पळतो की घर गळते? स्मार्ट मीटरनंतर वाढलेले बिल कसे तपासावे

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात फोंड्याजवळच्या गावात जुने चिऱ्यांचे घर, सिंगल फेज जोडणी, मंजूर भार ४ किलोवॅट. जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला. पूर्वी महिन्याला २१० युनिटच्या आसपास पडायचे, नव्या मीटरच्या दुसऱ्या बिलात ३४० आले. घरात नवे काही घेतलेले नाही. मीटर पळतो का, पडद्यावर फिरणारे आकडे कसले, आणि दाद कुठे मागायची?

आधी त्या जादा १३० युनिटांचे वॅट करा. १३० भागिले ३० म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ युनिट, त्याला २४ ने भागले की तासाला ०.१८. याचा अर्थ कुठेतरी १८० वॅट रात्रंदिवस जात आहेत, नाहीतर २ किलोवॅटचे एखादे यंत्र रोज दोन तास जादा चालते आहे. शोधायची वस्तू एवढी आहे, हे कळले की निम्मा गोंधळ संपतो. वर्ग १ चा मीटर अचूकतेत अधिक-उणे १ टक्क्याच्या आत असावा लागतो. २१० चे ३४० म्हणजे ६२ टक्के वाढ. इतका पळणारा मीटर असूच शकत नाही असे नाही, पण तो विरळा. त्यापेक्षा जुना मीटर कमी मोजत होता, घराची वायरिंग गळते आहे किंवा बिलाचा हिशेबच चुकला आहे, हीच कारणे जास्त सापडतात.

हिशेब तपासायला दहा मिनिटे पुरतात. मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन बिलांत जुन्या मीटरचे शेवटचे वाचन आणि नव्याचे सुरुवातीचे वाचन, दोन्ही धरलेली असतात. मीटर बदलताना दिलेल्या कागदावरचे आकडे बिलाशी जुळवा. नव्या मीटरचा क्रमांक मीटरवर आणि बिलावर एकच आहे ना, हेही पाहा. एका वेळी आठ-दहा मीटर बदलले जातात तिथे क्रमांकांची अदलाबदल होऊ शकते. मग दिवस मोजा. बिल ३० दिवसांचे आहे की ४१? जादा दिवसांचे बिल असेल तर टप्प्यांची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून धरलेली हवी. गोव्यात घरगुती दराचे टप्पे १००, २००, ३०० आणि ४०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे २१० वरून ३४० वर गेलेला माणूस एक टप्पा ओलांडून पुढच्यात शिरतो आणि रुपये युनिटांपेक्षा जास्त वेगाने वाढतात. आणि तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. फेब्रुवारी आणि मे यांची तुलना करून मीटरला दोष देणे बरोबर नाही. रात्री सहा-सात तास चालणारा दीड टनाचा एसी महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट सहज खातो. चवथीच्या महिन्यात तर घरात माणसे, पंपाची फेरी आणि रोषणाई तिन्ही वाढतात.

हिशेब बरोबर निघाला तर मीटरकडे वळा. स्मार्ट मीटर वीज मोजतो त्यात काही जादू नाही. आत फेजच्या (वीज आणणाऱ्या वायरच्या) वाटेवर शंट नावाचा एक संवेदक असतो, न्यूट्रलच्या (परतीच्या वायरच्या) वाटेवर दुसरा. दोन्हींचा प्रवाह आणि व्होल्टेज मिळून युनिट निघतात. त्याशिवाय घड्याळ, दूरून वीज तोडता-जोडता येईल असा रिले आणि मोबाइल नेटवर्कवर किंवा आजूबाजूच्या मीटरांच्या रेडिओ साखळीवर बोलणारा भाग असतो. भारतीय मानक आयएस १६४४४ मध्ये हे सगळे येते. मीटर स्वतः खातो ती थोडी वीज मोजणीच्या आधीच घेतली जाते, ती तुमच्या युनिटांत येत नाही.

पडद्यावर बटन दाबत गेलात की तारीख, वेळ, केडब्ल्यूएच, केव्हीएएच, कमाल मागणी, व्होल्टेज, फेजचा प्रवाह, न्यूट्रलचा प्रवाह, पॉवर फॅक्टर असे आकडे येतात. क्रम कंपनीनुसार बदलतो. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर, म्हणजे युनिटांवर, होते. केव्हीएएचचा आकडा त्याहून सहसा मोठा असतो. तो वाचून बिल जुळवायला बसलात तर जन्मात जुळणार नाही. या सगळ्यांत खरे कामाचे आकडे दोनच: फेजचा प्रवाह आणि न्यूट्रलचा प्रवाह. ते दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. त्यांच्यात फरक असेल तर तुमच्या १३० युनिटांचा माग बहुतेक तिथेच लागेल.

कारण असे. आपल्याकडच्या सिंगल फेज मीटरांत चोरी पकडण्यासाठी एक नियम घातलेला असतो: फेज आणि न्यूट्रल यांत ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त तफावत दिसली तर जो प्रवाह मोठा असेल त्यावर युनिट मोजायचे, आणि पडद्यावर ‘अर्थ लोड’ची, म्हणजे प्रवाह जमिनीतून परततो आहे अशी, खूण दाखवायची. जमिनीत अर्थिंग ठोकून न्यूट्रल चुकवणाऱ्यांसाठी केलेली ही सोय आहे. पण जुन्या घरात चोरी न करताही हा नियम लागू पडतो, आणि तोही दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा म्हणजे गळती. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत न येता ओल्या भिंतीतून, पंपाच्या खराब गुंडाळीतून किंवा गीझरच्या फुटलेल्या कॉइलमधून जमिनीत जातो. ०.८ अँपिअर गळती म्हणजे २३० व्होल्टवर १८४ वॅट. तुमचे १८० वॅट जवळजवळ नेमके. पावसाळ्यात जांभ्या दगडाची भिंत ओल धरते, तिच्यातून गेलेल्या जुन्या पाइपांतले वायरचे आवरण चिरलेले असते, आणि आषाढापासून बिल चढू लागते. हल्ली मीटर कुंपणाच्या भिंतीवर आणतात आणि तिथून घरापर्यंत केबल जमिनीखालून नेतात. त्या केबलचा जोड मातीत असेल तर तोही गळतो. विहिरीत सोडलेला पंप, अंगणातले दिवे, बलकांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) छताखालचा जुना पंखा हे त्याच रांगेतले संशयित. ही गळती केवळ पैशाची नव्हे, जिवाची बाब आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला असता तर ०.८ अँपिअरवर तो केव्हाच पडला असता. नसेल तर बसवाच. आणि असून सारखा पडतो म्हणून कुणी त्याला बायपास केले असेल तर तो माणूस पुन्हा घरात घेऊ नका.

दुसरी तऱ्हा न्यूट्रलच्या सरमिसळीची, आणि गोव्यातल्या वाटणी झालेल्या घरांत ती फार. भावाभावांत घर वाटले, दोन मीटर आले, फेज वेगळे केले, पण वरच्या माळ्यावरच्या जुन्या जंक्शन बॉक्समध्ये दोघांच्या न्यूट्रल अजून एकत्रच पिळलेल्या आहेत. समजा भावाकडे ५ अँपिअर चालू आहेत आणि तुमच्याकडे सगळे बंद. परतीचा प्रवाह दोन्ही न्यूट्रलांत वाटला जातो: ३ अँपिअर त्याच्या मीटरमधून, २ तुमच्या. त्याचा मीटर फेजचे ५ मोजतो. तुमचा मीटर फेज शून्य, न्यूट्रल २ असे पाहून २ मोजतो. वापर ५ चा, मोजणी ७ ची, आणि वरून दोघांच्याही पडद्यावर चोरीची खूण. जुन्या चकतीच्या मीटरला न्यूट्रलमध्ये काय चालले आहे याचा पत्ताच नसायचा, म्हणून इतकी वर्षे काही बिघडले नाही. इथे मीटर बदलला की बिल वाढते, तेव्हा मीटर त्याच्या नियमाने बरोबर चाललेला असतो आणि तुमचे म्हणणेही बरोबर असते. भाड्याच्या खोलीला वेगळा मीटर घेतलेला असेल, किंवा एकच इन्व्हर्टर दोन मीटरांच्या भागांना जोडलेला असेल, तिथेही हेच घडते.

आता चाचण्या. मीटरचे टर्मिनल झाकण सीलबंद असते, त्याला हात लावायचा नाही. ते उघडले तर मीटर तशी नोंद ठेवतो आणि प्रकरण वीज कायदा २००३ च्या कलम १३५ पर्यंत जाऊ शकते. खालचे सगळे मीटरनंतरच्या मेन स्विचवर होते. ते उघडायचे काम परवानाधारक वायरमनकडे द्या, पडदा आणि दिवा तुम्ही वाचा.

मेन स्विच बंद करा. तो डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असेल तर पंधरा-वीस मिनिटे मीटरचा लाल दिवा लुकलुकता कामा नये. (लोड बंद केल्यावर काही मीटरांत तो दिवा स्थिर पेटलेला राहतो. स्थिर म्हणजे मोजणी नव्हे, लुकलुकणे मोजायचे.) सगळे तोडूनही दिवा लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधली केबल गळते आहे, तिथून कुणी जोड घेतला आहे किंवा मीटरच सदोष आहे. मेन स्विच फक्त फेज तोडणारा असेल तर याच वेळी पडद्यावर न्यूट्रलचा प्रवाह पाहा. फेज शून्य आणि न्यूट्रलवर काही आकडा असेल तर सरमिसळ सिद्धच झाली. शेजारच्याला गीझर लावायला सांगा, आकडा लगेच उडी मारेल.

मेन चालू ठेवून सगळी उपकरणे बंद करा आणि एकेक एमसीबी (घरातल्या एकेका वाटेचा छोटा स्विच) उचला. इन्व्हर्टर असेल तर त्याचे चार्जिंगही बंद करा. थोडी वीज खंडित करून तपासायला बसले की पुरवठा आल्यावर तो बॅटरी भरायला शेकडो वॅट ओढू लागतो आणि माणूस नको त्या वायरच्या मागे लागतो. ज्या एमसीबीवर दिवा लुकलुकायला लागतो त्या वाटेवर गळती किंवा लपलेला वापर आहे. वायरमनकडे मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात धरून वाचन घ्यायला सांगा. निरोगी घरात हे वाचन जवळपास शून्य येते. जे येईल तेवढी गळती.

मीटरची अचूकता ढोबळपणे घरीच कळते. दर्शनी पट्टीवर एका युनिटला किती लुकलुकी ते लिहिलेले असते; ३२०० हा नेहमीचा आकडा, तुमच्यावर वेगळा असेल तर तो घ्या. बाकी सगळे बंद करून १००० वॅटचे पाणी तापवायचे रॉड किंवा हीटर लावा. (इस्त्री नको, तिचा थर्मोस्टॅट मध्येच तोडतो.) ३२ लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा. ३२०० च्या मीटरला ३६००० भागिले ते सेकंद, एवढे वॅट मीटर मोजतो आहे. ३६ सेकंद आले तर बरोबर १०००. पण व्होल्टेज पडद्यावर वाचायला विसरू नका. २३० ला १००० वॅट घेणारा हीटर २१० ला ८३४ घेतो आणि २४५ ला ११३५. हे लक्षात न घेता मीटर पळतो असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. व्होल्टेजचा हिशेब धरून पाचेक टक्क्यांत जुळले तर मीटर सोडा. हीटरच्या स्वतःच्या वॅटेजमध्येच तेवढा फरक असतो. २०-३० टक्के तफावत राहिली तर मात्र तक्रारीला चांगला आधार आहे.

लपलेल्या वापराविषयी थोडे. जुना चकतीचा मीटर झिजून जड झालेला असे. दहा-वीस वॅटवर त्याची चकती हलायचीच नाही. स्मार्ट मीटर दहा-वीस मिलिअँपिअरपासून मोजू लागतो. सेट-टॉप बॉक्स, राउटर, कॅमेरे, इन्व्हर्टर मिळून ५० वॅट अखंड असले तरी महिन्याला ३६ युनिट होतात. गळक्या नळामुळे दर पाच मिनिटांनी सुरू होणारा प्रेशर पंप, फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळाल्याने पाणी न चढवता फिरत राहणारा विहिरीचा पंप, हे यापेक्षा मोठे चोर. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. टाकी पूर्वी २५ मिनिटांत भरायची आणि आता तास लागतो, एवढ्या निरीक्षणावर महिन्याची अठरा-वीस युनिटे वाचतात.

नव्या मीटरच्या बाकीच्या कुरबुरी याहून साध्या आहेत. मधेच वीज जाते, शेजारी दिवे असतात, मीटरचा पडदा चालू असतो आणि घरात अंधार: आधी एमसीबी आणि आरसीसीबी पाहा, मग पडद्यावर रिले उघडल्याची खूण. भार ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की रिले तोडतो, थोड्या वेळाने स्वतःच जोडून पाहतो, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर थांबतो. दोन-चार मोठी यंत्रे बंद करून वाट पाहा. तरी नाही आले तर १९१२ या वीज तक्रारींच्या क्रमांकावर फोन करा. पडदाच काळा असेल तर पुरवठा मीटरपर्यंत आलेलाच नाही.

कमाल मागणी हा नवा विषय म्हणून लोक बिचकतात. तो क्षणाचा झटका नसून अर्ध्या तासाची सरासरी असते. २ किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटे चालला तर त्या अर्ध्या तासात तो १ किलोवॅटच धरला जातो. गीझर, एसी, पंप आणि इस्त्री अर्धा तास एकत्र चालवलीत तर ४ चे साडेपाच होतात. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळासाठी त्याच्या कमाल मागणीवरून दंड लावता येत नाही, आणि आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मंजूर भार ओलांडला तरच भार वाढवला जातो, तोही ओलांडलेल्या महिन्यांतल्या सर्वात कमी आकड्याइतका.

नेटवर्क नसले तर युनिटे हरवत नाहीत. वाचने मीटरमध्येच साठतात आणि संपर्क आला की जातात. माडांच्या गर्दीत, डोंगराच्या कुशीत बसलेल्या मीटरचे बिल एखादा महिना सरासरीने येऊ शकते. पुढच्या बिलात ते वळते झाले ना, तेवढे पाहा. प्रीपेड असेल तर शिल्लक रक्कम मीटरमध्ये नसून सर्व्हरवर असते. म्हणून पैसे भरूनही वीज आली नाही तर अडचण बहुधा वीज जोडण्याचा हुकूम मीटरपर्यंत पोहोचण्यात असते. पावतीचा क्रमांक घेऊनच फोन करा.

छतावर सौर पॅनेल लावणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. नेट मीटरिंगसाठी (घेतलेली आणि दिलेली वीज वेगळी मोजण्यासाठी) आतली मांडणी न केलेला स्मार्ट मीटर उलटा प्रवाहही तुमचाच वापर म्हणून मोजतो. पॅनेल आधी चालू केले आणि मीटरची मांडणी पंधरा दिवसांनी झाली, तर मधल्या काळात तुम्ही वीज देऊन वर तिचेच बिल भरता. खात्याचा माणूस मांडणी करून आयात आणि निर्यात असे दोन आकडे पडद्यावर दाखवेपर्यंत सौर इन्व्हर्टर बंद ठेवा.

दोन खुणांवर मात्र चाचण्या करत बसू नका. मीटरखाली जळका वास, काळवंडलेले झाकण किंवा गीझर लावल्यावर तडतड: ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर टर्मिनलमध्ये सैल झालेली असते, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. आणि पडद्यावर २८०, ३०० व्होल्ट: माडाचे चुडत पडून खांबावरची न्यूट्रल तुटली असणार. दोन्ही वेळा मेन बंद आणि लगेच फोन; दुसऱ्यात टीव्ही वाचतो, पहिल्यात घर वाचते.

घर निर्दोष निघाले आणि आकडे तरीही जुळत नसतील तर उपविभागाच्या साहाय्यक अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या. बिलावरचा ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, सलग सात दिवस ठरल्या वेळी घेतलेली वाचने, हीटर चाचणीचे सेकंद आणि व्होल्टेज, मेन बंद असतानाचा पडद्याचा फोटो, आणि ‘तपासणी मीटर बसवावा’ ही स्पष्ट मागणी त्यात हवी. त्याच ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार वाचन वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांत दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करायची असते. ‘मीटर पळतो, चौकशी व्हावी’ एवढेच लिहिलेल्या अर्जाला कुणीतरी येऊन पडदा पाहून ‘ठीक आहे’ लिहून जाण्याची शक्यता जास्त. आवक शिक्का असलेली प्रत जवळ ठेवा. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर संयुक्त वीज नियामक आयोगाचा विद्युत लोकपाल, दोन्हीकडे तीच प्रत आधी मागतात.